वय झालंय त्याचं!

परवा संध्याकाळी काळ्याला फिरवायला खाली नेत होते, तर लिफ्टमध्ये बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेले एक काका भेटले. काळ्याने रिवाजाप्रमाणे त्यांच्या चपला हुंगल्या. काकांनी खाली वाकून त्याचं तोंड पाहिलं आणि अगदी मनापासून हळहळले, "अरेरे, म्हातारा झालाय हो. किती दिवस आता?"

किती दिवस आता! चौथ्या मजल्यावरून तळमजला येईपर्यंत माणसाने माझ्या कुत्र्याला पार पोचवून टाकलं. मी कसनुसं हसले. दार उघडलं, समोर पार्किंगमध्ये मांजर बसलेलं होतं, आणि हा 'म्हातारा' असा काही सुटला की पट्ट्याबरोबर मीही दोन पावलं खेचली गेले आणि कोपर भिंतीला घासलं. ते कोपर आत्ता टाईप करताना टेबलाला लागतंय आणि दर वेळी काका आठवतायत. तेव्हा बरेच दिवस डोक्यात असलेलं हे आज लिहूनच टाकते. जरा चिडून लिहितेय, पण चिडण्यासारखंच आहे.

आमच्या नातेवाईक मंडळींना काळ्या माहीत आहे (काहींच्या चपला काळ्यालाही चांगल्या माहीत आहेत). इतरांसाठी थोडक्यात: 2016 च्या ऑगस्टमध्ये नाशिकला गोदावरीला मोठा पूर आला, त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडलेलं हे गावठी पिल्लू. जेमतेम दीड महिन्याचं. दुधाचे दात नुकतेच आलेले, त्यामुळे वयाबद्दल शंका नाही. नखशिखांत काळं, एक पांढरा केस अंगावर नाही, म्हणून नाव काळ्या. नाव ठेवण्यात कल्पकता वगैरे आमच्या घरात कधीच नव्हती.

तिसरं वर्ष संपता संपता त्याच्या हनुवटीवर पांढरे केस दिसायला लागले. आधी वाटलं, दुधात तोंड घातलंय. पुसून पाहिलं. पाचव्या वर्षापर्यंत ओठांच्या कडा, नाकाच्या बाजू, भुवयांच्या जागा, सगळं पांढरं. आणि तिथून सुरू झालं. दूधवाला, भाजीवाली, खालच्या मजल्यावरच्या काकू, माझी सख्खी नणंद, सगळ्यांचं एकच वाक्य. "वय झालं ना आता त्याचं."

गंमत बघा. आमच्याच मजल्यावर एक लॅब्रॅडॉर आहे, ब्रूनो. काळ्याहून पाच महिन्यांनी मोठा. पण रंग मलईचा. त्याच्या तोंडावर पांढरे केस आले असतील तर ते दिसणार कुठे? तर ब्रूनोला आजही सगळे 'बाळ' म्हणतात आणि काळ्याला 'आजोबा'. गणितात नापास झालेल्या माणसालाही ह्यातली चूक कळावी. आपण कुत्र्याचं वय बघत नाही, कुत्र्याचा रंग बघतो.

बरं, केस पांढरा होतो म्हणजे नक्की होतं काय? मुळात उगवलेला केस मेलेला असतो, त्यामुळे काळा केस 'पांढरा होतो' हे बोलणंच ढोबळ आहे. जुना गळतो आणि त्याच्या जागी नवीन येतो तो रंगाशिवाय येतो. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन बनवून वाढत्या केसात भरतात. काळा-तपकिरी एक प्रकार, पिवळा-लालसर दुसरा. केस गळून नवा येतो तेव्हा ह्या रंगपेशीही नव्याने लागतात, आणि त्या पुरवतो तो मुळापाशी असलेला मूळपेशींचा छोटासा साठा. हा साठा आटत गेला की पुढचा केस बिनरंगाचा. 2005 साली एमी निशिमुरा आणि डेव्हिड फिशर ह्यांच्या गटाने उंदरांवर आणि माणसांच्या केसांवर काम करून हे दाखवलं. माणसाचं, उंदराचं आणि कुत्र्याचं केसाचं यंत्र बरंचसं सारखंच, म्हणून आपल्या कानशिलांवर सुरू होतं तसं कुत्र्यांचं तोंडापासून सुरू होतं.

म्हणजे पांढरा केस ही बातमी आहे ती त्या केसाच्या मुळाची. तिथला रंग संपला, एवढीच. तो केस गुडघ्याबद्दल काही सांगत नाही, किडनीबद्दल नाही, हृदयाबद्दल नाही, आणि दातांबद्दल तर मुळीच नाही. (दातांवर येतेच आहे.)

आता इथे एक दुसरा पंथ उभा राहतो. वाचणारा, इंटरनेटवाला. तो म्हणतो, "अहो, लवकर पांढरा झाला म्हणजे कुत्र्याला टेन्शन आहे. तुम्ही त्याला एकटं ठेवता का?" हे मला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मठ्ठा घेताना ऐकवण्यात आलं. ह्या पंथाच्या हातात एक खरा अभ्यास आहे, त्यामुळे त्यांना झटकून टाकता येत नाही. 2016 साली अमेरिकेत कॅमिल किंग, टेम्पल ग्रँडिन वगैरे मंडळींनी एक ते चार वर्षं वयाच्या चारशे कुत्र्यांचा अभ्यास केला. तोंडाचे फोटो काढले, किती पांढरं आहे त्याला शून्य ते तीन असे गुण दिले आणि मालकांकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घेतली. घाबरट आणि उतावळ्या कुत्र्यांची तोंडं जास्त पांढरी निघाली. मोठ्या आवाजाला, अनोळखी माणसांना, अनोळखी जनावरांना घाबरणाऱ्यांचीही. आणि हो, ज्यांचा रंग इतका फिका की पांढरं झालेलं कळणारच नाही, ती कुत्री त्यांनी अभ्यासातून वगळली. ब्रूनो बाहेर! हे शहाणपण आमच्या बिल्डिंगला कधी येणार?

तर प्रामाणिकपणे कबूल करते, आमचा काळ्या फटाक्यांना घाबरतो. दिवाळीचे चार दिवस तो बाथरूममध्ये बादलीमागे काढतो. अभ्यासात बसतो की नाही? बसतो. पण चारशेंच्या घोळक्यात दिसणारा कल वेगळा आणि एका कुत्र्याचं तोंड बघून त्याच्या मनाचं निदान करणं वेगळं. शांत असूनही लवकर पांढरी झालेली कुत्री असतातच. पूडलसारख्या काही जातींत तर वयाबरोबर रंग फिका होत जाणं हे आनुवंशिकच आहे. आणि स्वभावाची माहिती मालकांनी भरलेली. आपण आपल्या पोरांबद्दलही धड खरं सांगत नाही, कुत्र्यांबद्दल काय सांगणार.

पण टेन्शनवाल्या पंथाने एक गोष्ट नकळत माझ्याच बाजूची सांगितली. 2020 साली हार्वर्डमध्ये या-चिए शू ह्यांच्या गटाने उंदरांना ताण दिला तेव्हा दिसलं की ताणामुळे केसांच्या मुळाशी गेलेल्या मज्जातंतूंमधून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेर पडतं आणि रंगाच्या मूळपेशींचा साठा एका झटक्यात वापरला जाऊन संपतो. उंदीर पांढरे झाले. पण ते म्हातारे नव्हते! वयाच्या आधी साठा संपला, एवढंच. म्हणजे केस पांढरा होण्याची वाट म्हातारपणातूनच जाते असं नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

एवढं सगळं आज मी ताठ मानेने लिहितेय. आता दातांकडे येते. इथे मान खाली घालावी लागणार आहे.

2023 चा पावसाळा. काळ्या सात वर्षांचा. जूनमध्ये कधीतरी त्याने दोरीने खेळणं सोडलं. आधी रोज संध्याकाळी दोरी तोंडात धरून माझ्या नवऱ्याला हॉलभर ओढायचा, ते बंद. मग भाकरीचा कडक तुकडा तोंडात घ्यायचा आणि खाली टाकायचा. पातळ केलेलं खायचा, पण मान एका बाजूला वाकडी करून. दिवसभर झोपून. जिना चढायला कंटाळा. कोणी दारात आलं तर उठून बघायचा आणि परत बसायचा, चपलासुद्धा हुंगायचा नाही.

घरात आम्ही काय म्हणालो असू? बरोबर. "वय झालं त्याचं." आणि हे वाक्य सगळ्यात आधी, सगळ्यात ठाम आवाजात कोण म्हणालं? मी. जिला बाकीचे म्हणाले की राग यायचा, ती मी. चिरंजीव म्हणाले, "आई, डॉक्टरकडे नेऊ या." मी म्हटलं, "नेऊ, पण आता ह्या वयात असंच चालायचं."

नेलं. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांचं नाव घेत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती. त्यांनी टेबलावर घेतलं, तोंडाकडे पाहिलं, म्हणजे तोंडाच्या बाहेरून पाहिलं, आणि विचारलं, "दहा-अकराचा असेल ना?" मी म्हटलं, सात. "असं? सात म्हणजे सात सत्ते एकोणपन्नास. झालंच की वय." ताकदीचं औषध लिहून दिलं, मऊ खायला घाला म्हणाले. मी घरी आले आणि मला चक्क बरं वाटलं. डॉक्टरही तेच म्हणाले ना! आपण बरोबर होतो.

(ह्या सातच्या पाढ्याबद्दलही दोन शब्द. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब सोपा आहे आणि चूक आहे. कुत्रं पहिल्या वर्षातच वयात येतं, सात वर्षांचं माणसाचं पोर येतं का? 2020 साली लॅब्रॅडॉरांच्या डीएनएवर वयानुसार होणाऱ्या खुणा मोजून जो हिशोब निघाला त्यात एक वर्षाचं कुत्रं माणसाच्या साधारण तिशीला पोचतं, आणि नंतर वेग मंदावत जातो. शिवाय आकाराचा फरक: ग्रेट डेन सातव्या वर्षी खरंच म्हातारा असतो, लहान चणीचं कुत्रं त्याच वर्षी निम्म्या वाटेवर असतं. एकच पाढा सगळ्यांना लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल.)

जुलै गेला, ऑगस्ट गेला. ऑगस्टच्या शेवटी काळ्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. आम्हाला वाटलं, किडा चावला. दोन दिवसांत सूज फुटून पू यायला लागला, तेव्हा घाबरून दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे पळालो. त्यांनी सूज पाहिली आणि काही न बोलता त्याचा उजवा ओठ वर उचलला. वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ, जिने कुत्री हाडं फोडतात ती, उभी तडकलेली. अर्धी फळी हलत होती. आत पू. ह्या दाढेची मुळं डोळ्याच्या बरोबर खाली असतात, म्हणून सूज तिथे आली. कडक हाड चावताना ही दाढ अशी तडकणं नेहमीचंच आहे म्हणाल्या. मटणाची नळी आम्हीच त्याला कौतुकाने द्यायचो.

"किती दिवसांपासून खाताना मान वाकडी करतोय?" त्यांनी विचारलं.

"जूनपासून. पण आम्हाला वाटलं वय..."

बाईंनी काळ्याच्या पांढऱ्या हनुवटीला बोट लावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाहेरून पांढरं आहे म्हणून आत बघायचं नाही का?"

त्या आवाज चढवून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रक्त तपासलं, एक्स-रे काढला, भूल देऊन दाढ काढली. रक्ताचे सगळे आकडे, किडनी, लिव्हर, उत्तम! आमचा हा 'म्हातारा' आतून ठणठणीत होता. फक्त जवळजवळ तीन महिने, रोज, चोवीस तास त्याची दाढ दुखत होती आणि तो कोणाला सांगू शकत नव्हता. ज्यांची दाढ एक रात्र दुखली असेल त्यांनी हे वाक्य परत वाचा. दाढ निघाल्यावर पंधराव्या दिवशी त्याने कपाटामागून ती दोरी शोधून आणली आणि नवऱ्याच्या पायांवर टाकली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

तर माझं भांडण पांढऱ्या केसांशी नाहीच. ते मला फार आवडतात. भांडण आहे 'वय झालंय' ह्या वाक्याशी. हे वाक्य निदानासारखं दिसतं, पण ते निदान नाही, ती सुट्टी आहे. ते म्हटलं की शोधायचं थांबता येतं, खर्च थांबतो, अपराधी वाटणं थांबतं. वयाला औषध नाही, मग आपण तरी काय करणार! आणि पांढरं तोंड ह्या वाक्याचा पुरावा म्हणून तयारच असतं.

कोणी म्हणेल, "बाई, जास्त पांढरी कुत्री जास्त म्हातारी असतात हे खरं आहे की नाही? आणि म्हाताऱ्यांना जास्त आजार होतात हे खरं की नाही?" दोन्ही खरं. एकदम मान्य. मग मला सांगा, ज्याला आजार होण्याची शक्यता जास्त, त्याला जास्त तपासायचं की कमी? तुमच्याच हिशोबाने पांढरं तोंड दिसलं की ओठ आधी उचलायला हवा. आपण बरोबर उलटं करतो. पिल्लाने एक वेळ खाल्लं नाही तर रिक्षा करून दवाखान्यात, आणि पांढऱ्या तोंडाच्या कुत्र्याने महिना खाल्लं नाही तर उसासा.

म्हातारपणात जे होतं त्यातलं कितीतरी बरं होणारं किंवा निदान सुसह्य होणारं असतं. झोपून उठल्यावर लंगडतं, तो बहुधा सांध्यांचा आजार असतो आणि त्यावर कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं असतात. (घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अर्धी करून देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.) सुस्त होऊन वजन वाढतंय तर थायरॉईड असू शकतो, त्याची गोळी मिळते. पाणी एकदम जास्त प्यायला लागलं तर किडनी किंवा साखर बघायला हवी. डोळ्यांत निळसर धूर दिसतो तो दर वेळी मोतीबिंदू नसतो, बऱ्याचदा नुसतं भिंग घट्ट झालेलं असतं आणि कुत्र्याला चांगलं दिसत असतं. पण हे कळणार कधी? कोणी बघितलं तर.

आता जरा घरातलं. आमची मोठी आत्या हे वाचणार आहे आणि तिला विचारूनच लिहितेय. काळ्याच्या दाढेनंतर दोन-तीन महिन्यांनी ती आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी म्हणाली, "हल्ली दोन जिने चढले की धाप लागते गं." माझा भाऊ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आत्या, केस बघ की आरशात." सगळे हसलो. आत्याही हसली. रात्री काळ्या तिच्या पायाशी झोपलेला, त्याचं ते पांढरं तोंड आणि तिचा पांढरा अंबाडा एकाच उजेडात दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. सकाळी तिला लॅबमध्ये नेलं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक काहीतरी. वर्षभर ती सगळ्यांना सांगत होती, आणि वर्षभर आम्ही तिच्या केसांकडे बघून उत्तर देत होतो. कारण सापडलं, औषध झालं. आता आत्या दोन जिने चढून येते आणि वर आल्यावर आधी भावाला शोधते.

खालच्या काकूंनी मागे एकदा मला काळ्याच्या तोंडाला मेंदी किंवा काळा रंग लावायला सुचवलं होतं, "तरुण दिसेल" म्हणून. केसांच्या काळ्या रंगातली रसायनं त्याच्या कातडीला जाळू शकतात आणि तो ती चाटणार, हे तर आहेच. पण त्याच्या केसांना काही झालेलंच नाही, तर औषध कशाचं लावायचं?

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. कोणी तुम्हाला सांगितलं, "वय झालंय त्याचं", तर मान डोलावू नका. विचारा, "ते झालंच आहे. अजून काय झालंय?" डॉक्टर असले तरी विचारा. आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारा, कारण हे वाक्य घरातूनच सुरू होतं, हे मी अनुभवाने सांगतेय.

असो. काळ्या नऊ पूर्ण झालाय. पांढरा रंग आता कपाळापर्यंत पोचलाय. दाराशी पट्टा तोंडात धरून उभा आहे, एक दाढ कमी असलेल्या तोंडात. लिफ्टमधले काका ह्याच वेळेला खाली उतरतात. आज त्यांना काळ्याचा ओठ उचलून आतली रिकामी जागा दाखवणार आहे.